खारं पाणी तर घरीच आहे

माझ्या दुकानाच्या पाटीवर एक नारळाचं झाड काढलेलं आहे. त्याच्यामागे निळं पाणी, पाण्यात एक छोटं बेट आणि खाली माझं नाव. शेगावात, स्टेशनवरून मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर अशी पाटी लावली की काय होतं, ते मला पहिल्याच गुरुवारी कळलं. सकाळपासून माणसं आत येत होती आणि नारळ मागत होती. एक नारळ, हार आणि उदबत्ती द्या. मी सांगायची, इथं नारळ मिळत नाही. मग पुढचा प्रश्न ठरलेला, "मंग पाटीवर काऊन काढलं?"

शेजारचा हारवाला खूष होता, कारण ही सगळी गिऱ्हाइकं मी त्याच्याकडे पाठवत असे. बाकी सगळे मला शहाणपण शिकवत होते. पाटी बदला. तीर्थयात्रा लिहा. चारधाम लिहा, नाहीतर बोधगया लिहा, तुमच्या समाजाचे लोक येतील, पुण्यही लागेल. बोधगयेला मी माणसं नेते आणि आनंदानं नेते. पण पाटीवर बेटच राहील असं मी ठरवलं होतं. चार पावसाळ्यांत तिचा रंग उडाला तेव्हा मी पेंटरला बोलावून ती पुन्हा रंगवून घेतली आणि नारळ आधीपेक्षा मोठे काढायला सांगितले.

तर माझा धंदा हा असा. लोकांना सुट्टीसाठी बेट निवडून द्यायचं, तिथं न्यायचं आणि धडधाकट परत आणायचं. समुद्र आमच्यापासून इतका लांब आहे की आमच्या जिल्ह्यातली निम्मी माणसं तो न बघताच जातात. आणि ज्यांना सांगावं त्यांच्याकडे उत्तर तयार असतं. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना आमचा खारपाणपट्टा. जमिनीतलंच पाणी खारट, बोअर मारा की विहीर खणा, तोंडात धरवत नाही. म्हणून माझ्या दुकानात बसून कोणीतरी हमखास म्हणतं, "खारं पाणीच पाहाचं असंन तं आमच्या बोरवर या ना. पैसे देऊन कायले जा लागते?" मीही हसते. मग चहा सांगते आणि त्याला फोटो दाखवते. हसणाऱ्यांपैकी काही जण पुढं येतातच.

खरी अडचण पाण्याची नाही, 'काऊन'ची आहे. आमच्याकडं घराबाहेर पडायला कारण लागतं. देव, लग्न, मयत आणि दवाखाना, एवढी कारणं चालतात. बाईला तर त्यातलंही एखादं दाखवावं लागतं. "कुठं चालली?" याच्या पाठोपाठ "काऊन?" येतंच, आणि 'सहज' हे उत्तर कोणाला पचत नाही. सहज कोणी जातं का? काहीतरी लपवून राह्यली असंल. माझं सगळं आयुष्य या 'सहज'ची वकिली करण्यात गेलं आहे, आणि खटला अजून चालू आहे.

अकोल्याच्या एका प्रवासी कंपनीच्या कचेरीत मी बरीच वर्षं तिकिटं कापली, तिथं हा धंदा शिकले. तिथं बेट विकताना आधी फोटो दाखवायचे. मी फोटो शेवटी दाखवते. फोटो सगळ्याच बेटांचे सारखे गोरेगोमटे असतात, लग्नाच्या स्थळांचे असतात तसे. स्थळ पाहताना आपण घरची चौकशी करतो ना, तशी मी बेटाची करते. वारा कोणत्या महिन्यात फिरतो? बोट जाते हे सगळेच सांगतात, पण समुद्र खवळला तर परत कधी येते? डॉक्टर बेटावर राहतो की आठवड्यातून एकदा येतो? किनारा उतरता आहे की एकदम खोल? पायाखाली वाळू की दगड? धक्क्यावर उतरताना म्हाताऱ्या माणसाला हात द्यायला कोणी असतं का? ज्या बेटावर मी स्वतः जाऊन, साडी खोचून, गुडघाभर पाण्यात उभी राहिले नाही, ते बेट मी विकत नाही. आणि पहिला प्रश्न मी गिऱ्हाइकालाच विचारते. तुम्हाला सुरक्षित म्हणजे काय पाहिजे?

हा प्रश्न लोकांना वेडगळ वाटतो. सुरक्षित म्हणजे सुरक्षित! पण तसं नाही. साखरखेर्ड्याचे एक गृहस्थ मुलाला आणि नव्या सुनेला घेऊन आले होते. त्यांच्या लेखी सुरक्षित म्हणजे जिथं आपल्या ओळखीचं माणूस आहे ते ठिकाण. पोरांच्या लेखी नेमकं उलटं होतं, पण वडिलांसमोर ते बोलणार कसे? गृहस्थांनी शोध घेतला आणि मी निवडलेल्या बेटावर सरकारी नोकरीत असलेला आपल्या तालुक्यातला एक माणूस काढलाच. पोरांसोबत त्याच्यासाठी चिवडा, पापड आणि एक निरोप दिला, की पोरांवर ध्यान ठेवजा. त्यानं इतकं ध्यान ठेवलं की रोज संध्याकाळी नवरा-नवरीला घरी जेवायला बोलावलं. जिथं आयुष्यात एकदाच जाणं होतं, तिथं त्या दोघांनी रोज पिठलं-भाकरी खाल्ली आणि त्याच्या मुलीच्या शाळेतल्या प्रगतीविषयी ऐकलं. परत आल्यावर नवरी मला म्हणाली, समुद्र छान होता म्हणतात.

खामगावच्या एका व्यापाऱ्याला भर पावसाळ्यात जायचं होतं. त्याचा हंगाम तेव्हा नसतो. मी म्हटलं, समुद्राचाही नसतो, दिवाळीनंतर जा. त्याला स्वस्तात दुसरीकडं मिळालं आणि तो गेला. बोटी बंद पडल्या, सगळं कुटुंब खोलीत बसून पत्ते खेळलं आणि खिडकीतून पाऊस बघितला. आल्यावर तो तडक माझ्याच दुकानात भांडायला. मी म्हटलं, मी तर नाही म्हटलं होतं. तर म्हणाला, नाही म्हटलं, पण हात धरून थांबवलं नाही ना! तेव्हापासून मी नाही म्हणते ते तीनदा म्हणते.

हसण्याच्या गोष्टी झाल्या. पण काहींचं मला वाईट वाटतं. तिकीट काढून झालेल्या, बॅग भरलेल्या कितीतरी बाया आदल्या दिवशी फोन करतात. सासरे बिमार पडले, नणंद येऊन राह्यली, यांना बरं वाटत नाही. एक मास्तरीण तर दर वर्षी पैसे भरते आणि दर वर्षी रद्द करते. बाजारात भेटली की 'यंदा पक्कं' म्हणते आणि पिशवी सावरत घाईनं निघून जाते. तिचा मला राग येत नाही. घरी बसून तिला हाका मारणाऱ्यांचा येतो.

आणि इथंच सिस्टरांची गोष्ट येते. त्यांचं नाव शांताबाई, पण जळगाव जामोदात त्या नावानं त्यांना कोणी ओळखत नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून त्यांनी नर्स म्हणून नोकरी केली. निम्म्या तालुक्याच्या जन्माला त्या हजर होत्या असं लोक म्हणतात, त्यात फार अतिशयोक्ती नसावी. त्या निवृत्त झाल्या, गुडघे गेले, केस पांढरे झाले, तरी सगळ्यांच्या सिस्टर त्या सिस्टरच.

"जयभीम ताई," म्हणत त्या एका दुपारी दुकानात आल्या आणि खुर्चीवर हळूच टेकल्या. मी त्यांना माझा नेहमीचा प्रश्न विचारला. सुरक्षित म्हणजे काय पाहिजे? त्यांनी फार विचार केला नाही.

"मले असं ठिकाण पाहून द्या ताई, जिथं मले कोणी हाक मारणार नाई."

मला वाटलं, गंमत करत आहेत. पण त्या गंमत करत नव्हत्या. त्यांनी सांगितलं, दारावर थाप पडली, कोणी 'सिस्टर' म्हटलं, की डोळे उघडायच्या आधी तोंडातून 'ओ, आली' निघतं. नोकरीत असताना ते ठीक होतं, त्याचा पगार होता. पण निवृत्त झाल्यावरही कोणाचं बीपी, कोणाची सुई, कोणाच्या सुनेचे दिवस भरलेले. नवरा गेला तेव्हा जलदानविधीला त्या पुढं बसल्या होत्या, तर मागून कोणीतरी म्हणालं, सिस्टर, पोराले ताप हाय. आणि त्या उठल्या. मी विचारलं, सुट्टीवर कधी गेलाच नाहीत? गेली ना, म्हणाल्या, लेकीच्या बाळंतपणाले गेली, भावाच्या ऑपरेशनले गेली.

त्यांना समुद्रात जाऊन बसायचं होतं. पोहायचं नव्हतं, बोटीत फिरायचं नव्हतं. नुसतं बसायचं. एवढंच मागणं आणि त्यासाठी मी कधी नव्हे इतकी बेटं उलटीपालटी केली. एकावर परवानगीची कटकट, दुसऱ्यावर पासपोर्ट, तिसऱ्यावर धक्क्याच्या पायऱ्या त्यांच्या गुडघ्याला झेपणाऱ्या नाहीत. शेवटी अंदमानातलं नील बेट ठरवलं. आता त्याचं नाव शहीद द्वीप आहे. लहान, सपाट, दवाखाना हाकेच्या अंतरावर, आणि एक किनारा असा की भरतीच्या वेळी बरंच आत गेलं तरी पाणी कमरेच्या वर येत नाही.

त्यांच्यासोबत तिघी मैत्रिणी तयार झाल्या. त्यांतल्या विमलबाई म्हणजे शेजारच्या, भाजीपाला पिकवणाऱ्या, बोलायला फटकळ. आधी महाराजांचं दर्शन, मंग समुद्र, ही त्यांची एकच अट. ती मला परवडण्यासारखी होती, मंदिर समोरच होतं.

मग सिस्टरांचा मुलगा आला. राजेंद्र, कृषी केंद्र चालवणारा, चांगला, प्रेमळ माणूस. आईवर त्याचा फार जीव. पण चार बाया एकट्या एवढ्या दूर जाणार, हे त्याला काही केल्या पटेना. मी म्हटलं, मी आहे ना सोबत. मला धरून आम्ही पाच होत होतो, पण पाचवीही बाईच असल्यानं त्याची बेरीज काही बदलली नाही. आमच्याकडं ही पद्धतच आहे. बायांचा घोळका निघाला की सोबतीला माणूस द्यायचा, आणि माणूस म्हणजे पुरुष. मग तो सगळ्या प्रवासात झोपा काढो की पिशव्या हरवो. शेवटी तो स्वतःच सोबत येणार असं ठरलं. मला ते मान्य नव्हतं, आणि मी तसं त्याच्या तोंडावर सांगितलं. पण नाही म्हटलं असतं तर सिस्टरांचं जाणंच रद्द झालं असतं.

निघण्याआधी मी सगळ्यांना विचारते, पोहता येतं का? बाया नाही म्हणाल्या. राजेंद्र हसला.

"मले विचारून राह्यल्या का मॅडम? विहिरीच्या थारोळ्यावरून मुटका मारून उडी घेतो मी."

ते खोटं नव्हतं. गावात कोणी विहिरीत पडलं की पहिलं बोलावणं त्यालाच येतं. त्यानं माणसं जिवंत काढली आहेत. पण इतक्या वर्षांत मी एक शिकले आहे. ज्याला पोहता येत नाही, त्याची मला काळजी नसते. तो घोट्याभर पाण्यात उभा राहून देवाचं नाव घेतो. मला काळजी असते ती विहिरीत पोहणाऱ्यांची. विहिरीचं पाणी जागच्या जागी असतं. दमलात तर चार हात मारले की भिंत लागते, कपारीत बोटं अडकवून दम खाता येतो. समुद्राचं पाणी चालतं, आणि काही ठिकाणी ते किनाऱ्यापासून आत, नदीसारखं ओढत नेतं. त्यातून सरळ परत येता येत नाही, आधी आडवं सरकावं लागतं. हे मी राजेंद्रला शेगाव स्टेशनवर सांगितलं, कोलकात्याच्या विमानतळावर सांगितलं आणि बोटीतही सांगितलं. तो प्रत्येक वेळी हो मॅडम म्हणाला.

बेटावर आम्ही दुपारी उतरलो. नील बेटावर समुद्राच्या आधी शेतं लागतात. वांगी, भेंडी, कारल्याचे मांडव. विमलबाई रिक्षा थांबवून उतरल्याच. बांधावरच्या बंगाली बाईशी त्या मराठीत बोलत होत्या, ती त्यांच्याशी बंगालीत, आणि दोघींचं वांग्यावरच्या किडीबद्दल एकमत झालेलं दिसत होतं. सिस्टर मात्र किनारा कुठं आहे एवढंच विचारत होत्या.

किनाऱ्यावर गेलो तर पाणी ओसरलेलं. लांबपर्यंत उघडे दगड आणि टोकदार प्रवाळ. सिस्टर चपला काढायला वाकल्या, पण मी थांबवलं. आज नाही, उद्या नाश्त्यानंतर भरती असेल, तेव्हा बसा. त्यांनी पाय पुन्हा चपलेत सरकवला. इतकी वर्षं थांबलेल्या बाईला मी आणखी एक दिवस थांबायला सांगत होते, पण त्या दगडांवर त्यांचे गुडघे टिकले नसते.

दुसऱ्या दिवशी पहाटे सूर्योदय बघायला आम्ही बेटाच्या दुसऱ्या टोकाला गेलो. तो किनारा उघडा, लाटा मोठ्या. मी सगळ्यांना बजावलं होतं की इथं फक्त बघायचं, पाण्यात उतरायचं नाही. सूर्य वर आला, बाया टपरीवर चहाला वळल्या, आणि मी पैसे देत असताना राजेंद्रनं शर्ट काढला.

मी वळून पाहिलं तेव्हा तो बराच आत होता. सुरुवातीला छान पोहत होता, अगदी ऐटीत. मग तो परतीला वळला आणि हात मारायला लागला. जोरात मारत होता, पण जवळ येत नव्हता. उलट हळूहळू मागं जात होता. मी ओरडले, आडवे व्हा, बाजूला जा. लाटांच्या आवाजात ते माझं मलाच ऐकू आलं नाही. तो सरळच येत राहिला, विहिरीच्या भिंतीकडं यावं तसा. टपरीवाल्यानं शिट्टी वाजवली, जवळच जाळं आवरत असलेला एक कोळी हवेची ट्यूब घेऊन पाण्यात शिरला. त्यानं राजेंद्रला ट्यूब धरायला लावली आणि आडवं नेत नेत दूरवरच्या वाळूवर आणून टाकलं.

विमलबाईंच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "सिस्टर!" बाकीच्या दोघीही तेच ओरडल्या. आणि मी ऐकलं, माझ्या शेजारून आवाज आला, "ओ, आली." चहाचा कप पडला होता. ज्यांना मी बोटीतून हाताला धरून उतरवलं होतं, त्या वाळूतून धावत गेल्या. मुलाला कुशीवर वळवलं, तोंड मोकळं केलं, श्वास पाहिला, नाडी धरली. तो ओकला, खोकला, आणि त्यानं डोळे उघडले. त्यांचा चेहरा तोवर नर्सचा होता. मग तो आईचा झाला, आणि तो पाहून मी तोंड फिरवलं.

दवाखाना जवळ असलेलं बेट मी का निवडते, ते त्या दिवशी सगळ्यांना कळलं. डॉक्टरनं ऑक्सिजन लावला, छातीत पाणी गेलं असेल तर त्रास उशिरानं होतो म्हणून दिवसभर निजवून ठेवलं. सिस्टर त्याच्या उशाशी स्टुलावर बसल्या. बाजूच्या खाटेवरच्या पोरीची सलाईन संपत आली होती, तीही त्यांनीच नर्सला दाखवली. भरती आली आणि गेली. जन्मभर जे केलं तेच करायला मी या बाईला एवढा समुद्र ओलांडून आणलं होतं, या विचारानं मला भयंकर संताप आला. राजेंद्रवर, त्या पद्धतीवर, आणि जगातल्या सगळ्या हाकांवर.

संध्याकाळी तो सावरला. मला वाटलं होतं, तो बेटाला दोष देईल. त्यानं दिलाही, हे ठिकाण सेफ नाही म्हणाला. मी म्हटलं, किनारा कोणता ते मी सांगितलं होतं. त्यावर तो वाद घालेल म्हणून मी तयारीत होते, पण तो छताकडं पाहत राहिला आणि हळूच बोलला.

"मॅडम, हात लावाले भिंतच नव्हती."

मग मला त्याच्यावर रागावता येईना. पण त्या भीतीतून त्यानं निर्णयही घेऊन टाकला होता. आमची बोट दुसऱ्या दिवशी दुपारची होती, ती सोडून सकाळच्या बोटीनं निघायचं. आईनं पाण्याजवळसुद्धा जायचं नाही. तोवर बातमी जळगाव जामोदला पोचली होती. फोन लागेल तसे येत होते, सुनेचा, लेकीचा, शेवटी सिस्टरांच्या दिरांचा. ते मलाच म्हणाले, ताई, ही तुमची जबाबदारी आहे, वहिनीले पहिल्या बोटीनं घेऊन या.

मी म्हटलं, जबाबदारी माझीच आहे, म्हणूनच दुपारच्या बोटीनं आणते. आणि फोन ठेवला. माझ्या धंद्यात गिऱ्हाइकाच्या नातेवाइकाशी असं बोलायचं नसतं. पण गिऱ्हाईक शांताबाई होत्या, त्यांचे दीर नव्हते.

सकाळी राजेंद्र बॅग भरून व्हरांड्यात बसला होता. सिस्टर बाहेर आल्या त्या जुनी सुती साडी नेसून, पदर खोचून. हातात टॉवेल. त्यानं विचारलं, कुठं? त्यांनी समुद्राकडं मान हलवली. तो उठून उभा राहिला. आई, काल पाह्यलं ना, म्हणाला, तुले काही झालं तं मी काय करू? डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. त्या थांबल्या. मला वाटलं, आता या परत फिरतील. मुलाच्या डोळ्यांतलं पाणी पाहून आमच्याकडच्या बाया परत फिरतात, मी शेकड्यांनी पाहिल्या आहेत.

"राजू, तू पाण्यात गेला तवा मले विचारलं होतं काय?"

"नाई."

"मंग मी बी नाई विचारत."

त्या पायऱ्या उतरल्या आणि चालू लागल्या. मी त्यांच्या मागं, माझ्या मागं विमलबाई आणि दोघी, आणि सगळ्यांच्या मागं राजेंद्र, आईच्या चपला हातात घेऊन. चपला व्हरांड्यातच राहिल्या होत्या. सकाळची बोट धक्क्यावरून सुटली तेव्हा आम्ही वाळूत होतो.

तो किनारा भरतीला वेगळाच दिसतो. परवाचे दगड पाण्याखाली गेलेले, कडेला स्वच्छ वाळूचा पट्टा, पाणी हिरवट आणि संथ. कालचा कोळी मी बोलावून घेतला होता, ट्यूबसकट. मी सिस्टरांचा हात धरला. घोट्यापर्यंत आलं तेव्हा त्या थांबल्या, गुडघ्यापर्यंत आलं तेव्हा त्यांनी माझा हात घट्ट धरला. मग म्हणाल्या, सोडा. मी सोडला. त्या हळूच खाली बसल्या, आमच्याकडं बाया नदीवर बसतात तशा, पाय लांब करून. पाणी कमरेला लागलं. एक लाट आली, फार मोठी नाही, त्यांना थोडंसं उचलून पुन्हा जागेवर बसवून गेली. मी पाहिलं, पाण्यात त्यांचे गुडघे आपोआप वाकत होते.

त्यांनी ओंजळ भरली, जिभेला लावली आणि तोंड वाकडं केलं.

"आपल्या बोरपरीस खारं हाय हो ताई." मग ओंजळ सोडून दिली. "पण हे काई प्याचं नाई. बसाचं हाय यात."

मी चार पावलं मागं सरकून उभी राहिले. वारा मंद होता. किनाऱ्यावर बाया साड्या वर धरून घोट्याभर पाण्यात आल्या होत्या आणि उगीच हसत होत्या. राजेंद्र ओल्या वाळूच्या कडेला उभा होता, त्याच्या पुढं त्याला पाऊल टाकवत नव्हतं.

थोड्या वेळानं त्यानं हाक मारली. "आई!"

सिस्टर समुद्राकडं तोंड करून बसल्या होत्या. त्यानं पुन्हा मारली, या खेपेला मोठ्यानं. कोळ्यानं वळून पाहिलं. विमलबाईंना राहवलं नाही, त्यांनी हात तोंडाशी नेला आणि त्याही ओरडल्या, "ओ सिस्टर, पोरगं बलावून राह्यलं ना!"

एवढ्या लांबून ऐकू येत नव्हतं असं नाही. मला ऐकू येत होतं, आणि मी त्यांच्यापासून चारच पावलांवर होते. त्यांची मान जराशी हलली. मी वाट पाहिली. एक लाट आली, गेली, दुसरी आली.

त्यांनी ओ दिली नाही.